तांबेऱ्याचा माग काढणारे प्रा. करमचंद मेहता

बेळगाव : गव्हाच्या पानावरून हात फिरवला आणि बोटांना विटकरी भुकटी लागली, की आपला शेतकरी म्हणतो, तांबेरा आला. पण येतो कुठून? उन्हाळ्यात शेत मोकळं, ऊन रणरणतं, मग एवढे दिवस हा रोग राहतो कुठं? हा हिशेब जुळवण्यात आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहता यांनी आयुष्य घातलं.

मेहतांचा जन्म १८९२ चा, पंजाबातला. आग्रा कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन परतल्यावर त्यांनी गव्हाचा तांबेरा हाच विषय धरला. युरोपात काळा तांबेरा दारुहळदीच्या जातीच्या झुडपावर आसरा घेतो, हे तेव्हा माहीत होतं. इकडेही तसंच असेल, असा समज होता. मेहतांनी तो तपासला आणि आपल्याकडे त्या झुडपाचा काही हात नाही, असं दाखवलं.

मग खरं काय? मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू मरतात. डोंगरात मात्र हवा थंड. तिथं बिनहंगामी गहू आणि आपोआप उगवलेली रोपं असतात, त्यांवर तो तग धरतो. उत्तरेत हिमालय, दक्षिणेत निलगिरी आणि पळणीचे डोंगर. तिथून वाऱ्यावर बसून तो खाली उतरतो. दक्षिणेतून कर्नाटकमार्गे मध्य भारताकडे जाणारी ही वाट पुढच्या संशोधकांनीही पक्की केली. म्हणजे ती आपल्या दारावरूनच जाते.

१९४० साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. डोंगरातला बिनहंगामी गहू आणि रोपं काढून टाका, हा त्यांचा सल्ला होता. १९४६-४७ ला मध्य भारतात काळ्या तांबेऱ्यानं गव्हाची दाणादाण उडवली, तेव्हा हे दुखणं केवढं मोठं आहे ते सगळ्यांना कळलं. १९५० मध्ये मेहता गेले. त्यांच्या कामाचा दुसरा भाग त्यांच्या मागे, १९५२ साली छापला गेला.

आज आपण काय घ्यायचं? रोग वाऱ्यानं येतो, तेव्हा एकट्यानं बांध राखून भागत नाही. रोगाला दाद न देणारं वाण निवडणं हाच स्वस्त उपाय. आपल्या भागातल्या खपलीचा हा गुण तर जगभरच्या संशोधकांनी उचलला. शिवारभर एकच वाण नको, पेरणी वेळेवर हवी, युरियाचा मारा नको. बाजरीचा तांबेरा वेगळ्या बुरशीचा, त्याला वांग्याचा आसरा मिळतो. तेव्हा बाजरीशेजारी वांगी लावताना विचार करावा. रोग राहतो कुठं, हे आधी बघायचं. मेहतांनी तेच शिकवलं.