मागे न फिरणारा सेनापती : युलिसिस ग्रँट

अमेरिकेतील गुलामांच्या सुटकेचा विषय निघाला की आपल्याकडे अब्राहाम लिंकनचे नाव हटकून घेतले जाते. रविवारच्या शाळेतील मुलांनाही लाकडी झोपडीत जन्मलेल्या त्या राष्ट्राध्यक्षाची गोष्ट ठाऊक असते. परंतु लिंकनने काढलेला मुक्तीचा जाहीरनामा, रणांगणावर जय मिळेपर्यंत, बहुतेक गुलामांच्या दृष्टीने एक कागदच होता. त्या कागदाला ज्याने बळ आणून दिले त्या माणसाची ओळख आपल्या वाचकांना फारशी नाही. युद्धाला तोंड लागण्यापूर्वी एक वर्ष, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो बापाच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली काम करीत होता.

युलिसिस ग्रँटचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट या खेड्यात झाला. बाप जेसी कातडी कमावण्याचा धंदा करी आणि गुलामगिरीचा त्याला मनापासून तिटकारा होता. आई हॅना मेथडिस्ट, अतिशय अबोल. मुलाने तिचा स्वभाव उचलला. कातड्यांचा वास आणि रक्त यांची युलिसिसला इतकी किळस होती की पुढे सेनापती झाल्यावरही मांस अगदी करपवून आणले तरच तो खाई. घोडे मात्र त्याच्या शब्दात असत. बापाने त्याला वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयात धाडले. १८४३ साली तो ३९ जणांत २१ वा आला, म्हणजे डोळ्यांत भरण्यासारखे काही नव्हते.

याच सुमाराची एक गोष्ट त्याने आत्मचरित्रात सांगितली आहे. मिझूरी राज्यातील ज्युलिया डेंट या मुलीला लग्नाचे विचारण्यासाठी तो घोड्यावरून निघाला असता वाटेत ओढ्याला पूर आला होता. एकदा धरलेल्या वाटेवरून, चुकली तरी, माघारी फिरायचे नाही अशी त्याची लहानपणापासूनची एक समजूत होती. त्याने घोडा पुरात घातला, वाहत वाहत पैलतीर गाठले आणि ज्युलियाच्या भावाचे कोरडे कपडे अंगात घालून तिला विचारले. लग्न १८४८ साली झाले. ज्युलियाच्या बापाकडे गुलाम होते. ग्रँटचे आईबाप लग्नाला आले नाहीत.

मेक्सिकोच्या युद्धात तो शौर्याने लढला. पण नंतर बायकोमुलांपासून दूर, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या छावण्यांत त्याला एकटेपणाने घेरले आणि तो दारू पिऊ लागला. १८५४ साली त्याने राजीनामा दिला. न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात दमडी नव्हती. बकनर नावाच्या जुन्या सोबत्याने खाणावळीच्या पैशांची हमी घेतली म्हणून निभावले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. मग सासऱ्याने दिलेल्या जमिनीवर शेती, तीही बुडाली. सेंट लुईसच्या रस्त्यांवर तो जळाऊ लाकडे विकू लागला. १८५७ च्या नाताळाच्या तोंडावर त्याने सोन्याचे घड्याळ २२ डॉलरला गहाण टाकले.

त्याच काळात विल्यम जोन्स हा सुमारे ३५ वर्षांचा एक गुलाम सासऱ्याकडून त्याच्या मालकीचा झाला होता. बाजारात अशा धडधाकट माणसाचे हजार डॉलर सहज आले असते आणि ग्रँटचे घर उधारीवर चालले होते. २९ मार्च १८५९ रोजी तो सेंट लुईसच्या कचेरीत गेला आणि जोन्सला मुक्त केल्याचा लेख करून दिला. या विषयावर त्याने कोठे भाषण केले नाही की काही लिहून ठेवले नाही. सासुरवाडीच्या शेतावर गुलामांच्या श्रमाचा त्याने लाभ घेतला, हेही खरेच आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण हातात रोख पैसा येत असता त्याने तो घेतला नाही.

१८६० मध्ये लिंकन निवडून आला. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. तेवढ्यावरून दक्षिणेकडील राज्ये एकामागून एक फुटून निघाली व शेवटी ती ११ झाली. त्या वर्षीच्या खानेसुमारीप्रमाणे देशात सुमारे ४० लक्ष गुलाम होते. १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या आणि चामड्याच्या दुकानातला कारकून पुन्हा पलटणीत गेला. पहिल्याच स्वारीत टेकडी चढताना त्याची छाती धडधडू लागली. वर पोहोचून पाहतो तो शत्रू आधीच तळ उठवून पळालेला! आपण त्याला जेवढे भितो तेवढाच तोही आपल्याला भितो, हे त्या दिवशी त्याच्या ध्यानी आले व ते तो कधी विसरला नाही.

फेब्रुवारी १८६२ मध्ये त्याने डॉनेलसन किल्ला घेतला. आतल्या सेनापतीने अटी विचारल्या; ग्रँटने बिनशर्त शरण येण्यास कळविले. बारा हजारांहून अधिक सैनिक हाती लागले. शरण आलेला तो सेनापती म्हणजे बकनर, खाणावळीची हमी घेणारा. उत्तरेचा हा पहिला मोठा विजय होता. दोनच महिन्यांनी शिलोची लढाई झाली. एली याजकाजवळ लहानगा शमुवेल जेथे वाढला त्या शिलोवरून तेथील मेथडिस्टांच्या लहानशा लाकडी मंदिराला हे नाव दिलेले होते. त्या मंदिराभोवती ६ आणि ७ एप्रिल १८६२ या दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून २३ हजारांवर लोक मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. पहिल्या दिवशी ग्रँट बेसावध सापडला होता, हा दोष त्याच्याकडे जातोच. रात्री पाऊस कोसळत होता. आसरा म्हणून तो एका झोपडीत गेला. तेथे जखमींचे हातपाय कापणे चालले होते. ते त्याला पाहवेना. तो परत पावसात झाडाखाली जाऊन बसला. सकाळी त्याने चाल केली आणि लढाई जिंकली.

१ जानेवारी १८६३ पासून मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला. त्याआधीच मळे सोडून हजारो गुलाम, बायकामुलांसह, ग्रँटच्या छावणीकडे येऊ लागले होते. त्याने जॉन ईटन या पलटणीच्या पाळकाला बोलावून या लोकांना अन्न, निवारा आणि मजुरीचे काम देण्याची जबाबदारी सोपविली. पण त्याच डिसेंबरात त्याच्या हातून एक फार वाईट हुकूम निघाला. कापसाच्या काळ्या बाजाराचा राग काढून त्याने आपल्या हद्दीतून सर्व यहुद्यांना हाकलण्याची आज्ञा दिली. लिंकनने ती रद्द करविली. ग्रँटला याची लाज आयुष्यभर वाटली. राष्ट्राध्यक्ष असताना, १८७६ मध्ये, वॉशिंग्टनमधील एका नव्या सभास्थानाच्या समर्पणाला तो गेला व शेवटपर्यंत बसून राहिला.

मिसिसिपी नदीवरचे व्हिक्सबर्ग घेण्यासाठी तो महिनोन्‌महिने झगडला. अखेर एप्रिल १८६३ मध्ये रात्री जहाजे तोफांच्या माऱ्याखालून पुढे काढून त्याने नदी ओलांडली, पाच लढाया जिंकल्या आणि शहराला वेढा दिला. ४ जुलै रोजी सुमारे २९ हजार सैनिक शरण आले. आदल्याच दिवशी गेटिसबर्गला दक्षिणेचा सेनापती ली पराभूत झाला होता. पुढे चॅटनूगाची लढाईही जिंकल्यावर मार्च १८६४ मध्ये लिंकनने ग्रँटला सर्व सैन्यांचा मुख्य केले.

आता आपण त्या रात्रीकडे येऊ. मे १८६४ मध्ये व्हर्जिनियातील विल्डरनेस नावाच्या दाट रानात ग्रँट आणि ली यांची गाठ पडली. दोन दिवसांत उत्तरेचे १७ हजारांवर लोक घायाळ, ठार वा बेपत्ता झाले. रानाला वणवा लागला व हलता न येणारे जखमी जागीच जळाले. याच भागात मागील वर्षी मार खाल्ल्यावर उत्तरेचे सैन्य नदी ओलांडून मागे गेले होते, त्याआधीही तसेच. ७ मेच्या रात्री सैन्य निघाले तेव्हा शिपायांनी मानले की नेहमीप्रमाणे माघार. एका चौरस्त्यापाशी रांगा आल्या. एक वाट उत्तरेकडे परतीची, दुसरी दक्षिणेकडे. ग्रँटचा घोडा दक्षिणेकडे वळला. अंधारात ते पाहताच त्या थकल्याभागल्या, अनेक सोबती गमावलेल्या माणसांनी असा जयघोष केला की शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ग्रँटला तो थांबवावा लागला. माझ्या मते या युद्धाचे खरे वळण हे. येथे कोणी जिंकले नव्हते; फक्त मागे फिरणे संपले होते.

त्याची किंमत भयंकर होती. ३ जूनला कोल्ड हार्बर येथे त्याने केलेल्या हल्ल्यात थोड्याच वेळात हजारो पडले, आणि दोन्ही सेनापतींची पत्रापत्री चालू असता जखमी चार दिवस उन्हात तडफडत राहिले. त्या हल्ल्याचा आपल्याला सदैव पस्तावा वाटतो असे त्याने मरणाआधी लिहून ठेवले. वर्तमानपत्रे त्याला कसाई म्हणू लागली. लोक इतके कंटाळले की ऑगस्टमध्ये लिंकनने आपण निवडणूक हरणार असे गृहीत धरून एक कागद लिहिला व आत काय आहे हे न दाखवता मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. गुलामांच्या मुक्तीची अट सोडा म्हणजे तह होईल, असा सल्ला त्याला दिला जात होता. त्याने अट सोडली नाही आणि ग्रँटने पीटर्सबर्गचा वेढा सोडला नाही. २ सप्टेंबरला शर्मनने अटलांटा घेतले. नोव्हेंबरात लिंकन निवडून आला.

त्याच ऑक्टोबरात लीने कैद्यांची अदलाबदल सुचविली. दक्षिणेच्या तुरुंगांत उत्तरेची मुले उपासमारीने मरत होती. एकट्या अँडरसनव्हिलला सुमारे १३ हजार मेले. घरोघरच्या आया सरकारला दूषणे देत होत्या. ग्रँटने एकच विचारले: काळ्या सैनिकांना गोऱ्यांप्रमाणेच सोडणार काय? जे पूर्वी कोणाचे गुलाम होते ते या अदलाबदलीत येत नाहीत, असे लीने कळविले. ग्रँटने नकार दिला. सुटलेले दक्षिणी सैनिक पुन्हा बंदूक धरतील हा हिशेबही त्याच्या मनात होता, हे मान्य केले पाहिजे. पण काळ्या शिपायाला मागे सोडून गोऱ्याला घरी नेणे त्याने पत्करले नाही. १८६५ च्या आरंभी दक्षिणेने सर्वांची अदलाबदल मान्य केली.

९ एप्रिल १८६५ रोजी अ‍ॅपोमॅटॉक्स या गावी ली शरण आला. ली नव्या कोऱ्या पोशाखात, कमरेला सुंदर तलवार. ग्रँट साध्या शिपायाच्या चिखलाने माखलेल्या कोटात. त्याने सर्वांना घरी जाऊ दिले, नांगरणीसाठी घोडे नेऊ दिले, उपाशी सैन्याला २५ हजार शिधे दिले आणि आपल्या लोकांनी आनंदाच्या तोफा उडविल्या त्या बंद करविल्या. त्या वर्षाअखेर गुलामगिरी राज्यघटनेनेच संपविली. इकडे मुंबईत मात्र या बातमीने हाहाकार उडाला. अमेरिकेचा कापूस बंद पडल्याने मुंबईच्या कापसावर पैशाचा पाऊस पडला होता. युद्ध संपताच भाव कोसळले, १ जुलै १८६५ रोजी शेअरबाजार बुडाला आणि कित्येक पेढ्यांचे दिवाळे वाजले.

१८६९ ते १८७७ ग्रँट राष्ट्राध्यक्ष होता. मित्रांवर आंधळा विश्वास टाकल्यामुळे त्याच्या कारभारात लाचलुचपत माजली, तिची लांबण येथे नको. १८७० मध्ये काळ्या पुरुषांना मताचा हक्क घटनेत आला. कु क्लक्स क्लॅन ही टोळी रात्री त्यांना फटके मारी, फाशी देई, मंदिरे व शाळा जाळी. ग्रँटने १८७१ साली सैन्य व न्यायालये लावून तिचे कंबरडे मोडले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले तेव्हा ग्रँटच अधिकारावर होता. परंतु १८७५ च्या निवडणुकीत मिसिसिपीच्या राज्यपालाने काळ्या मतदारांच्या रक्षणासाठी सैन्य मागितले, ते त्याने धाडले नाही. उत्तरेतील लोक या प्रश्नाला विटले होते, पक्षाला मते हवी होती. ज्याने पुरात घोडा घातला तो येथे माघारी फिरला. दक्षिणेतील काळ्या लोकांचे मत हळूहळू हिरावले गेले. ते पुरतेपणी परत मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले.

अधिकार सुटल्यावर तो जगप्रवासाला निघाला. फेब्रुवारी १८७९ मध्ये तो मुंबईला उतरला व मलबार पॉइंटच्या सरकारी बंगल्यात राहिला. राजाबाई टॉवर तेव्हा नुकताच पुरा झाला होता. त्याला पैसा देणारे प्रेमचंद रायचंद, ज्यांना युद्धाने श्रीमंत केले आणि युद्धाच्या शेवटाने बुडविले.

१८८४ मध्ये एका ठकसेन भागीदाराने ग्रँटला पार नागविले. त्याच वर्षी घशाचा कर्करोग उघडकीस आला. बायको उघडी पडू नये म्हणून तो आत्मचरित्र लिहू लागला. मार्क ट्वेनने ते छापण्याचे पत्करले. रीतसर तो कोणत्याच मंडळीचा सभासद कधी झाला नव्हता; एप्रिल १८८५ मध्ये तो अत्यवस्थ असता मेथडिस्ट पाळक न्यूमन यांनी त्याचा बाप्तिस्मा केला. त्यातून तो सावरला व पुन्हा लिहू लागला. गिळणे असह्य झाले, आवाज गेला, तरी पाने लिहून होत होती. मृत्यूच्या काही दिवस आधी त्याने लेखणी ठेवली. २३ जुलै १८८५ रोजी तो वारला. पुस्तकाचे चार लाख डॉलरहून अधिक ज्युलियाला मिळाले.

मरणापूर्वी दोन आठवडे बकनर त्याला भेटायला आला होता. ग्रँटला बोलता येत नव्हते. तो चिठ्ठ्या लिहून उत्तरे देत होता. पुढे न्यूयॉर्कमधील अंत्ययात्रेत शवपेटीसोबतच्या मानकऱ्यांत शर्मन आणि शेरिडन यांच्या जोडीला बकनर चालला, आणि दक्षिणेचा दुसरा सेनापती जोसेफ जॉन्स्टनही.