पुण्यातला वीस इंची आरसा

नाशिकच्या द्वारका चौकातून पुण्याच्या रस्त्याला लागणारे रोज हजारो. पण या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एके काळी देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल? ती उभारली कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी.

१८५७ साली जन्मलेले कावसजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. प्रकाशाचा वर्णपट तपासणारी प्रयोगशाळा काढायची, तर पैसा कुठला? १८८२ मध्ये भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी पाच हजार रुपये दिले; तेवढीच भर मुंबई सरकारने घातली. दोन वर्षांनी कावसजी विलायतेला गेले. तिथल्या ज्योतिर्विदांशी बोलणे झाले आणि प्रयोगशाळेची वेधशाळा झाली. १८८८च्या सुमारास ती पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली वीस इंची दुर्बीण तिथे बसली.

ती भिंगाची नव्हे, आरशाची. एवढ्या मोठ्या भिंगाला दोन काचा आणि घासायला चार पृष्ठभाग. शिवाय काच आरपार निर्दोष हवी. आरशाला घासायचा तो एकच पृष्ठभाग, वर चांदीचा पातळ लेप. म्हणून तो कितीतरी स्वस्त. मात्र त्या एका पृष्ठभागावर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढीही चूक चालत नाही. शिवाय चांदी काळवंडते, लेप पुन्हा द्यावा लागतो. पावसाळी हवेत ही कटकट केवढी, हे चांदीची भांडी घासणाऱ्या गृहिणींना सांगायला नको!

कावसजींचे मार्गदर्शक नॉर्मन लॉकियर. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य रेषा एका बाजूला पसरट असते, असे लॉकियर मानीत. त्यांचा उल्कासिद्धान्त त्यावर टेकलेला. कावसजींना पुण्यातून ती रेषा बारीक, रेखीव दिसली. १८९१ मध्ये त्यांनी तसे छापले. गुरूच्या विरोधात, तेही त्या काळी एका हिंदी प्राध्यापकाने! मला हेच त्यांचे मोठे काम वाटते.

२२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाला लॉकियर विजयदुर्गावर होते, कावसजी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला.

पण वेधशाळा एकाच माणसाच्या खांद्यावर होती. १९१२ मध्ये कावसजी निवृत्त झाले, वेधशाळेला कुलूप लागले आणि दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला रवाना झाली. त्यानंतर कावसजी १९३८ पर्यंत हयात होते.