सँटियागो बर्नाब्यू : सभासदांच्या पैशांवर उभा राहिलेला डोलारा

सँटियागो बर्नाब्यू हे नाव फुटबॉलप्रेमींना स्टेडियमचे म्हणून ठाऊक असते. माणसाचे म्हणून क्वचितच. माद्रिदच्या कास्तेयाना मार्गावरील या वास्तूमागे एका हट्टी गृहस्थाचे सारे आयुष्य आहे आणि युद्धात होरपळलेल्या शहरातील हजारो सामान्य प्रेक्षकांनी काढून दिलेला पैसाही आहे.

स्पेनमधील अल्मान्सा या लहानशा गावी ८ जून १८९५ रोजी बर्नाब्यू यांचा जन्म झाला. कुटुंब लवकरच माद्रिदला आले. वयाच्या चौदाव्या वर्षी ते माद्रिद क्लबच्या कनिष्ठ संघात दाखल झाले. १९१२ मध्ये क्लबने ओडोनेल रस्त्यावर मैदान घेतले, तेव्हा त्याचे कुंपण घालण्याच्या आणि रंगकामाच्या खटपटीत हा कोवळा खेळाडूही होता. पुढे आघाडीचा खेळाडू म्हणून त्यांनी मैदान गाजवले, कायद्याची पदवी घेतली. पण वकिलीत मन रमले नाही. १९२७ मध्ये खेळणे थांबल्यावरही क्लबची कामे सुटली नाहीत.

१९३६ मध्ये यादवी युद्ध भडकले. बर्नाब्यू यांना फ्रेंच दूतावासात आश्रय घ्यावा लागला आणि नंतर ते फ्रँकोच्या फौजेत लढले. १९३९ मध्ये युद्ध संपले तेव्हा क्लबची दैना झाली होती. १९२४ मध्ये बांधलेल्या चामार्तिन मैदानाची नासधूस झाली होती, अनेक खेळाडू परागंदा झाले होते आणि तिजोरीत खडखडाट होता. कशीबशी डागडुजी करून खेळ पुन्हा सुरू झाला. जून १९४३ मध्ये बार्सिलोनाविरुद्धच्या वादग्रस्त ११-१ अशा सामन्यानंतर दोन्ही क्लबांच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले आणि सप्टेंबरमध्ये बर्नाब्यू अध्यक्ष झाले.

त्या काळी दूरचित्रवाणीचे हक्क नव्हते, सदऱ्यावरील जाहिराती नव्हत्या. क्लबचे उत्पन्न म्हणजे सभासदांची वर्गणी आणि तिकीटखिडकीवरचा गल्ला. मैदान लहान, म्हणून गल्ला लहान. गल्ला लहान, म्हणून चांगले खेळाडू परवडत नाहीत. आणि संघ सामान्य, म्हणून मोठ्या मैदानाची गरज कोणाला पटत नाही. हे चक्र बर्नाब्यू यांनी उलट्या टोकाकडून फोडायचे ठरवले. आधी जागा वाढवायची, मग खेळाडू आणायचे.

जून १९४४ मध्ये जुन्या मैदानालगतची जमीन घेण्यात आली. त्यासाठी बँकेचे कर्ज काढले. बांधकामाचा खर्च मात्र कर्जरोखे विकून उभारायचा होता. स्पेनमध्ये तेव्हा अन्नधान्य शिधापत्रिकेवर मिळत होते, सिमेंट आणि लोखंड दुर्मीळ होते. अशा दिवसांत एका फुटबॉल क्लबने लोकांकडे पैसे मागावेत हे अनेकांना वेडेपणाचे वाटले. रोखे मात्र अल्पावधीत खपले. प्रेक्षक सावकार झाले, असेच म्हणायला हवे. रिअल माद्रिद म्हणजे फ्रँको राजवटीचा लाडका संघ, हा आरोप पुढे कायम होत राहिला. राजवटीच्या अनुकूल हवेचा फायदा झालाच नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु या बांधकामाचा मोठा भार सभासदांनी उचलला, हेही तितकेच खरे.

ऑक्टोबर १९४४ मध्ये काम सुरू झाले. बांधकाम जोरात असताना संघाला शहरातील प्रतिस्पर्धी अॅटलेटिकोच्या मैदानावर भाडेकरू म्हणून खेळावे लागले. अखेर १४ डिसेंबर १९४७ रोजी पोर्तुगालच्या बेलेनेन्सेस संघाविरुद्धच्या सामन्याने नवे स्टेडियम खुले झाले. क्षमता होती ७५,१४५. त्यातील तब्बल ४७,५०० जागा उभ्याने सामना पाहण्याच्या होत्या. स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक हाच या हिशेबाचा पाया होता.

तथापि, केवळ सिमेंटने सामने जिंकता येत नाहीत. त्याच मोसमात रिअल माद्रिद लीगमध्ये चौदा संघांत अकराव्या क्रमांकावर घसरला आणि खालच्या श्रेणीत जाण्याची नामुष्की थोडक्यात टळली. भव्य प्रेक्षागारात बसून लोकांनी पाहिला तो पराभव! रोखे घेणाऱ्यांच्या मनात त्या हिवाळ्यात काय आले असेल, याची कल्पना करता येते.

पैसा हळूहळू फळला. १९५३ मध्ये बार्सिलोनाशी झालेल्या मोठ्या रस्सीखेचीनंतर आल्फ्रेडो दि स्तेफानो माद्रिदला आला आणि १९५४ मध्ये तब्बल २१ वर्षांनी लीगचे विजेतेपद मिळाले. त्याच वर्षी नव्या सज्जांसह स्टेडियमची क्षमता सव्वा लाखाच्या घरात गेली. जानेवारी १९५५ मध्ये सभासदांच्या सभेने स्टेडियमला बर्नाब्यू यांचे नाव दिले. युरोपियन चषकाच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. त्यांना स्टेडियम भरण्यासाठी मोठे सामने हवेच होते. १९५७ मध्ये प्रकाशझोत बसले आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी, लोक कामावरून सुटल्यावर, रात्रीचे सामने खेळवता येऊ लागले. त्या वर्षीचा अंतिम सामना येथेच झाला. १,२४,००० प्रेक्षकांसमोर माद्रिदने फिओरेन्टिनाला २-० असे नमवले. १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे हा चषक क्लबकडेच राहिला.

हाच मार्ग बार्सिलोनाला मात्र महागात पडला. १९५७ मध्ये कॅम्प नोऊ उभे राहिले, कर्जाचा बोजा वाढला आणि १९६१ मध्ये लुइस सुआरेझसारखा खेळाडू इंटर मिलानला विकावा लागला. १९६० नंतरचे लीग विजेतेपद मिळायला त्यांना १९७४ उजाडले.

अध्यक्षपदाच्या ३५ वर्षांत बर्नाब्यू यांच्या क्लबने १६ लीग आणि सहा युरोपियन चषक जिंकले. उतारवयात त्यांच्यासमोर पुन्हा पैशांची ओढाताण आली. भोवतालचे शहर वाढून जमिनीला सोन्याचा भाव आला होता. १९७३ मध्ये त्यांनी चक्क हेच स्टेडियम विकून शहराच्या उत्तरेला दुसरे बांधण्याची योजना मांडली. आपल्याच नावाची वास्तू पाडायला निघालेला अध्यक्ष विरळाच! महापालिकेने परवानगी दिली नाही.

२ जून १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी अर्जेंटिनात विश्वचषक स्पर्धा सुरू झाली होती. तेथेही शोक पाळण्यात आला. चार वर्षांनी विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांच्याच स्टेडियमवर रंगला. त्यासाठी छत घातले, खुर्च्या वाढल्या आणि क्षमता ९० हजारांवर आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरक्षेच्या नियमांमुळे सर्वत्र खुर्च्या बसल्या आणि आकडा पुन्हा सुमारे ७५ हजारांवर, म्हणजे जवळजवळ १९४७ च्याच संख्येवर आला. उभ्याने सामना पाहण्याची स्वस्त जागा मात्र आता त्यात उरली नव्हती.