कंत्राटामागचा मालक

मुलुंड असो की बोरिवली, अंधेरी असो की घाटकोपर, उपनगरातला रविवार जरा उशिराच उजाडतो. पेपर दारात येऊन पडलेला असतो आणि घरातली मंडळी दुसऱ्या चहाची वाट पाहत असतात. खाली रस्त्यावर मात्र खराट्याचा आवाज केव्हाच सुरू झालेला असतो. तिथे दोघे जण काम करत असतात. एक महापालिकेच्या मस्टरवरचा, दुसरा कंत्राटदाराचा. रस्ता तोच, कचरा तोच, ऊनही तेच. पण पगार, रजा, आजारपण आणि म्हातारपणाची तरतूद यांत दोघांमध्ये जमीनअस्मानाचे अंतर. या दुसऱ्या माणसाचा खरा मालक कोण? कंत्राटदार, की ज्याच्यासाठी रस्ता झाडला जातो ते सरकार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो. पण चार वर्षे ते देशाचे मजूरमंत्री होते, ही ओळख मागेच राहून जाते.

योगायोग पाहा. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू येथील. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनच्या लोकसभागृहाने एक ठराव केला होता. सरकारी कंत्राट घेणाऱ्याने त्या धंद्यात रूढ असलेली मजुरी कामगारांना दिलीच पाहिजे, असा त्याचा आशय. कारण साधे होते. सरकार सर्वांत कमी रकमेची निविदा स्वीकारते. विटा आणि लोखंड सगळ्यांनाच बाजारभावाने घ्यावे लागते. मग कमी बोली लावायची कशाच्या जोरावर? मजुराच्या पोटाला चिमटा काढून! हा चिमटा काढता येऊ नये, म्हणून कंत्राटातच रास्त मजुरीचे कलम घालायचे, ही त्या ठरावाची युक्ती.

सरकारी काम आणि मजुराचा पगार यांची गाठ बाबासाहेबांच्या घरातही पडली होती. सैन्यातून निवृत्त झालेले वडील, सुभेदार रामजी सकपाळ, सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात खजिनदार म्हणून नोकरीला होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते. १९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलांची जात कळताच मसूर स्टेशनवर त्यांना गाडीवान मिळेना, ती जखम बाबासाहेबांनी जन्मभर जपली. तो प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. पण ज्या कामावर वडील होते, तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते सरकारी काम होते आणि त्यावर राबणारी माणसे दुष्काळाने हाताशी आलेल्या मजुरीवर जगत होती.

पुढे कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळाल्या, तरी बाबासाहेबांचा मुक्काम १९१२ ते १९३४ या काळात बराचसा परळच्या बी. आय. टी. चाळीतच होता. आजूबाजूला गिरणीत आणि गोदीत राबणारी, शहर झाडणारी माणसे. समाजाने नेमून दिलेले सफाईचे काम पालिकेच्या हजेरीपटावर आले तरी त्याची हीन प्रतिष्ठा बदलत नव्हती. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपावर बंधने घालणारे विधेयक मुंबई सरकारने आणले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप घडवून आणला.

संप घडवणारा हा पुढारी जुलै १९४२ मध्ये टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खाते आले. खाते अवाढव्य होते. कामगार कायदे त्यात होते, खाणी होत्या, वीज आणि पाटबंधारे होते आणि केंद्रीय बांधकाम खातेही होते. म्हणजे कामगारांसाठी कायदा करायचा तोही याच खात्याने, आणि कंत्राटदारांना कामे द्यायची तीही याच खात्याने. इतरांना नियम शिकवणाऱ्या सरकारने आधी स्वतःचे अंगण झाडले पाहिजे, ही कसोटी इथे आपोआपच लागू झाली. चाळीसच्या त्या दशकात केंद्रीय बांधकाम खात्याच्या कंत्राटांत रास्त मजुरीचे कलम आले, कंत्राटदारांसाठी नियमावली आली. १८९१ चा तो विचार असा आपल्याकडे रुजू लागला.

डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत ते स्वतः उतरले. १९४४ मध्ये द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांच्या स्थितीची पाहणी करणारी समिती नेमली गेली. कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ मध्ये. मात्र सगळेच निर्णय कौतुकाचे नव्हते. युद्धकाळात कोळसा हवा म्हणून स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास असलेली बंदी १९४३ मध्ये उठवली गेली. त्यावर सडकून टीका झाली, आणि मंत्री म्हणून त्या निर्णयाचे समर्थन बाबासाहेबांनाच करावे लागले. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. सत्तेची खुर्ची कुणालाच सोपी नसते.

११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. कायदा झाला १९४८ मध्ये, जगजीवनराम मजूरमंत्री असताना. किमान वेतन बांधून द्यायच्या धंद्यांच्या त्याच्या पहिल्या यादीत विडी होती, भात-डाळीच्या गिरण्या होत्या, खडी फोडणे होते, रस्ते आणि इमारतींचे बांधकाम होते आणि स्थानिक संस्थांमधली नोकरीही होती. म्हणजे नगरपालिकांचा झाडूवाला पहिल्या दिवसापासून यादीत होता. पुढे १९५० मध्ये आणि १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली, आणि उपनगरांचे रस्ते झाडण्याचे काम तिच्याकडे आले.

घटनेत सक्तीच्या मजुरीला बंदी करणारे २३ वे कलम आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर २६ वर्षांनी, १९८२ मध्ये, दिल्लीत आशियाई स्पर्धांची बांधकामे करणाऱ्या मजुरांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे ही सक्तीची मजुरीच होय, आणि कंत्राटदाराकडे बोट दाखवून सरकारला हात झटकता येणार नाहीत, असा निकाल लागला.

तरी पळवाटा उरल्याच. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मूळ स्वरूपात वीस किंवा अधिक कामगार असतील तरच लागू होई. मग कामाचे तुकडे पाडायचे आणि माणसे विसाच्या आत ठेवायची, इतके सोपे होते ते! मुंबईच्या कचरा उचलणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून पक्का व्हायला २०१७ साल उजाडले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांची जागा चार नव्या संहितांनी घेतली. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने तो द्यावा, हे तत्त्व त्यांत टिकले आहे. पण कंत्राटी कामगारांच्या तरतुदी आता पन्नास माणसांपासून पुढे लागू होतात, आणि सफाई हे ज्या संस्थेचे मूळ काम नाही, तिथे ते कंत्राटावर देण्याची मुभा आहे.

म्हणून खालच्या रस्त्यावरच्या त्या दोघांकडे पुन्हा पाहावे. कायदे बदलतात, त्यांची नावे बदलतात. पण सरकार जेव्हा कुणाच्या तरी हातून काम करवून घेते, तेव्हा त्या हाताची जबाबदारी सरकारचीच असते. परळच्या चाळीतून मजूर खात्याच्या खुर्चीपर्यंत गेलेल्या माणसाचे आयुष्य आपल्याला हेच सांगते. दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची रांग लागते. ती पांगल्यावर शिवाजी पार्कचा परिसर झाडून लख्ख करणारे हातही या हिशेबात धरायला हवेत.