थोर शिक्षक डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर

आपल्या देशात पुष्कळ थोर माणसे होऊन गेली. कोणी राजे झाले, कोणी संत झाले. मी आज एका शिक्षकाची माहिती लिहीत आहे. त्यांचे नाव डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. ते विजेचे प्राध्यापक होते.

मी त्यांच्यावर का लिहिते ते आधी सांगते. या पावसाळ्यात आमच्या शाळेचं छप्पर गळायला लागलं. म्हणून आमचा वर्ग समाजमंदिरात भरतो. फळा नुसता भिंतीला टेकवून ठेवलाय. माझी मैत्रीण ही शाळा सोडून वसईच्या मोठ्या शाळेत गेली. बाबा मलापण तिकडेच घालायचं म्हणत होते. मला रडूच आलं. तेव्हा गुरुजींनी आम्हाला केळकरांची गोष्ट सांगितली.

केळकरांचा जन्म १ जून १९०९ रोजी झाला. ते मुंबईत विज्ञान शिकले. मग बंगलोरला जाऊन विद्युत अभियांत्रिकी शिकले. वीज कशी तयार करायची, तारांमधून लांब कशी न्यायची, तिच्यावर यंत्रे कशी चालवायची, असा तो विषय आहे. आमच्या वाडीत बावखलावर पंप आहे ना, तोपण विजेवरच चालतो. पुढे ते इंग्लंडला गेले. १९३७ साली त्यांनी लिव्हरपूल विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवली.

परत आल्यावर ते बंगलोरला शिकवू लागले. १९४३ साली ते मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. या संस्थेत प्राध्यापक आणि विद्युत विभागाचे प्रमुख झाले. ही संस्था माटुंग्याला आहे. विरारहून लोकलने दादरला उतरलं की तिथे जाता येतं.

देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने आय. आय. टी. नावाच्या मोठ्या संस्था काढायचे ठरवले. पवईची आय. आय. टी. १९५८ साली सुरू झाली. तिची आखणी करताना केळकरांनी खूप काम केले. १९५९ साली त्यांना कानपूरच्या आय. आय. टी.चे पहिले संचालक नेमले. पण तिथे स्वतःची इमारतच नव्हती! १९६० साली दुसऱ्या एका संस्थेच्या उसन्या इमारतीत १०० विद्यार्थ्यांना घेऊन शिकवणे सुरू झाले. केळकर इमारतीसाठी थांबले नाहीत. त्यांनी चांगले शिक्षक गोळा केले. अमेरिकेतल्या ९ विद्यापीठांनीही मदत केली. १९६३ साली संस्था आपल्या जागेत गेली. त्याच वर्षी तिथे एक मोठा संगणक आला आणि विद्यार्थी त्यावर शिकू लागले. तेव्हा आपल्या देशात संगणक फारच थोडे होते.

१९६९ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७० ते १९७४ ते पवईच्या आय. आय. टी.चे संचालक होते. २३ ऑक्टोबर १९९० रोजी ते वारले. कानपूरच्या त्या संस्थेच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव दिले आहे.

ही गोष्ट मी घरी बाबांना सांगितली. बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते हातोडी घेऊन समाजमंदिरात आले आणि खिळे ठोकून फळा भिंतीवर नीट टांगून दिला. आता चौथी मी इथेच पूर्ण करणार आहे.

यावरून मला समजलं की शाळा म्हणजे नुसती इमारत नाही. शिकवणारे आणि शिकणारे असले की शाळा होते. अशा या थोर शिक्षकाला माझे शतशः प्रणाम.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी