रॉबर्ट शुमान

रॉबर्ट शुमान (जन्म : ८ जून १८१०, त्स्विकाऊ, सॅक्सनी, मृत्यू : २९ जुलै १८५६, एंडेनिख, बॉनजवळ) हे जर्मन संगीतकार, संगीतसमीक्षक आणि संपादक होते. पियानोवरील रचना, गीते, कक्षसंगीत व चार सिम्फनी यांमुळे एकोणिसाव्या शतकातील स्वच्छंदतावादी संगीताच्या अग्रणी रचनाकारांत त्यांची गणना होते. १८३४ साली लाइपझिग येथे त्यांनी मित्रांसह ‘नॉये त्साइटश्रिफ्ट फ्यूर मुझीक’ (संगीताचे नवे नियतकालिक) सुरू केले आणि सुमारे दहा वर्षे त्याचे संपादन केले. संगीताच्या व्यापारापेक्षा संगीत शिकणारे, रचणारे आणि मनापासून ऐकणारे तरुण हा वाचक समोर ठेवून त्यांनी या नियतकालिकाची घडण केली. पुढे मुलांसाठी रचलेल्या संगीतातही त्यांनी वाचक व वादक यांच्या वयाचा आणि तयारीचा असाच विचार केला.

बालपण व शिक्षण

शुमान यांचा जन्म त्स्विकाऊ या गावी पुस्तकांच्या घरात झाला. वडील ऑगुस्ट शुमान हे पुस्तकविक्रेते, प्रकाशक आणि लेखक होते. वॉल्टर स्कॉट व बायरन यांच्या जर्मन अनुवादांच्या स्वस्त, खिशात मावणाऱ्या आवृत्त्या त्यांनी प्रसिद्ध केल्या होत्या. रॉबर्ट हे पाच भावंडांत धाकटे. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास योहान गॉटफ्रीड कुन्ट्श यांच्याकडे त्यांचे पियानोशिक्षण सुरू झाले. संगीताबरोबरच लेखनाचा छंदही त्यांना लहानपणीच लागला. चौदाव्या वर्षी वडिलांच्या एका चरित्रसंग्रहासाठी त्यांनी मजकूर लिहिला, तर १८२५ मध्ये शाळासोबत्यांसह एक साहित्यमंडळ स्थापन केले. जर्मन कादंबरीकार जाँ पाउल यांच्या लेखनाचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. एकाच मनाच्या दोन बाजू दोन व्यक्तिरेखांच्या रूपाने मांडण्याची रीत त्यांनी याच लेखकाकडून घेतली.

१८२६ साली वडिलांचे निधन झाले. आईच्या इच्छेखातर शुमान यांनी १८२८ मध्ये लाइपझिग विद्यापीठात आणि पुढील वर्षी हायडेलबर्ग येथे कायद्याच्या शिक्षणासाठी नाव घातले; पण त्यांचे मन पियानोतच होते. १८३० मध्ये फ्रांकफुर्ट येथे पागानिनी यांचे व्हायोलिनवादन ऐकल्यावर काही महिन्यांतच कायद्याचा अभ्यास सोडून ते लाइपझिगला परतले आणि फ्रीडरिश वीक या नामांकित शिक्षकाकडे पियानो शिकू लागले. मात्र १८३२ पर्यंत त्यांच्या उजव्या हाताचे मधले बोट निकामी झाले आणि वादक होण्याचा मार्ग बंद झाला. या दुखापतीच्या कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. यानंतर संगीतरचना आणि लेखन हीच त्यांची दोन कार्यक्षेत्रे राहिली.

नियतकालिकाची स्थापना

त्या काळी लाइपझिग हे जर्मन ग्रंथव्यवसायाचे व संगीतप्रकाशनाचे मोठे केंद्र होते. तेथे १७९८ पासून ‘आल्गेमाइने मुझिकालिशे त्साइटुंग’ हे प्रतिष्ठित संगीतपत्र निघत असे. ब्राइटकोप्फ उंट हेर्टेल ही संगीताच्या प्रती छापून विकणारी पेढी त्याची प्रकाशक होती. शुमान यांचा पहिला महत्त्वाचा समीक्षालेख १८३१ च्या डिसेंबरात याच पत्रात आला. मोत्सार्ट यांच्या एका चालीवर शोपँ या तरुण पोलिश संगीतकाराने रचलेल्या आवर्तनांविषयीचा हा लेख कथेच्या स्वरूपात होता. संपादक गॉटफ्रीड विल्हेल्म फिंक यांनी त्याच्या जोडीला जुन्या वळणाच्या समीक्षकाचा लेखही छापला. या पत्रातील समीक्षा सौम्य आणि गुळमुळीत असते, चांगल्या-वाईट साऱ्यांनाच ती सारखी दाद देते आणि नव्या पिढीकडे दुर्लक्ष करते, असे शुमान यांचे मत झाले.

१८३३ च्या सुमारास लाइपझिगमधील काफेबाउम या कॉफीगृहात शुमान व त्यांचे मित्र संध्याकाळी जमत. नव्या नियतकालिकाची कल्पना या बैठकांतून पुढे आली. शुमान, वीक, पियानोवादक लुडविग शुंके आणि पियानोशिक्षक युलिउस क्नोर हे पहिले संपादक ठरले. ३ एप्रिल १८३४ रोजी हार्टमान या प्रकाशकाने पहिला अंक प्रसिद्ध केला. सुरुवातीला नियतकालिकाच्या नावात लाइपझिग शहराचाही उल्लेख होता.

संपादक मंडळ वर्षभरही टिकले नाही. क्नोर आजारी पडले, वीक आपली कन्या क्लारा हिच्या मैफलींसाठी दौऱ्यावर गेले आणि डिसेंबर १८३४ मध्ये शुंके यांचे अवघ्या तेविसाव्या वर्षी क्षयाने निधन झाले. प्रकाशकाशीही मतभेद झाले. अखेर शुमान यांनी नियतकालिकाची मालकी स्वतःकडे घेतली. १८३५ पासून ते एकटेच संपादक राहिले आणि नावातील शहराचा उल्लेखही गळला.

स्वरूप व वाचकवर्ग

नियतकालिक आठवड्यातून दोनदा, चार पानी अंकाच्या रूपात निघे. प्रत्येक अंकाच्या शिरोभागी शेक्सपियर, ग्योटे, जाँ पाउल आदींच्या लेखनातील उतारा असे. पहिल्या अंकासाठी शेक्सपियरच्या आठवा हेन्री या नाटकातील प्रास्ताविकाची निवड केली होती. केवळ करमणुकीच्या अपेक्षेने येणाऱ्यांची येथे निराशा होईल, असा त्यातील इशारा होता. संगीताच्या पत्राची सुरुवात साहित्याने करण्यामागे निश्चित धोरण होते. संगीत ही काव्याच्या तोलाची कला आहे, असे मानणारा सुशिक्षित तरुण वाचक शुमान यांना हवा होता.

अंकात अग्रलेख, नव्या रचनांची समीक्षा, कथा, किरकोळ टिपणे आणि निरनिराळ्या शहरांतील मैफलींची बातमीपत्रे असत. लेखक शक्यतो स्वतः वादक वा रचनाकार असावेत, असा संपादकांचा आग्रह होता. पियानोवादक स्टीफन हेलर हे टोपणनावाने आउग्सबुर्गहून आणि नंतर पॅरिसहून लिहीत, तर लोकगीतांचे संग्राहक त्सुक्कालमाग्लिओ खेड्यातील चर्चच्या सेवकाचे सोंग घेऊन लिहीत. १८३८ पासून वर्गणीदारांना संगीताच्या छापील पुरवण्याही मिळू लागल्या. त्यांत जुन्या आणि समकालीन रचना एकत्र दिल्या जात. त्यामुळे वाचलेले संगीत घरच्या पियानोवर लगेच वाजवून पाहण्याची सोय झाली.

१८३५ च्या आरंभी शुमान यांनी नियतकालिकाचे धोरण जाहीर केले. जुन्या थोर संगीतकारांच्या कृतींचे स्मरण ठेवणे, निव्वळ बोटांच्या कसरतीवर भर देणाऱ्या अलीकडच्या प्रघाताला विरोध करणे आणि नव्या काव्यमय युगाची वाट मोकळी करणे, अशी तीन उद्दिष्टे त्यात होती.

शिकणाऱ्या वाचकाचा विचार समीक्षेच्या मांडणीतही दिसतो. बाजारात येणाऱ्या सुट्या रचनांची परीक्षणे एकामागून एक छापण्याऐवजी ते एका प्रकारच्या रचना एकत्र घेऊन त्यांची तुलना करीत. १८३६ मध्ये त्यांनी पियानोच्या एत्यूद, म्हणजे विशिष्ट तांत्रिक अडचणीच्या सरावासाठी रचलेल्या तुकड्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. कोणती अडचण दूर करण्यासाठी कोणत्या रचनाकाराचा कोणता तुकडा वाजवावा, याची ती यादी विद्यार्थ्यांना थेट उपयोगी पडणारी होती.

डेव्हिडचा संघ

शुमान यांनी आपल्या लेखनासाठी ‘डेव्हिडचा संघ’ या नावाने एक अर्धकाल्पनिक मंडळ निर्माण केले. बायबलमधील राजा डेव्हिड हा वीणावादक आणि फिलिस्टाइन लोकांचा शत्रू होता. जर्मन विद्यार्थ्यांच्या बोलीत शहरातील रूढिप्रिय, कलेची जाण नसलेल्या गृहस्थांनाही फिलिस्टाइन म्हटले जाई. त्यामुळे संघाच्या नावातील रोख तरुण वाचकांना लगेच उमजे.

या संघात उत्साही व तापट फ्लोरेस्टान, हळवा व चिंतनशील ऑयझेबिउस आणि दोघांच्या मतांचा समतोल साधणारे गुरू रारो अशी पात्रे होती. पहिली दोन शुमान यांच्याच स्वभावाच्या बाजू होत्या. क्लारा वीक आणि फेलिक्स मेंडेल्सझोन हेही टोपणनावांनी या संघात वावरत. एकाच रचनेवर दोन पात्रे परस्परविरोधी मते मांडत आणि निवाडा पुष्कळदा वाचकावर सोपवला जाई. काही परीक्षणांखाली नावाऐवजी आकडे असत. पियानोसाठीच्या कार्नावाल या रचनामालेत हीच पात्रे आढळतात आणि तिचा शेवट संघाच्या फिलिस्टाइनांविरुद्धच्या कूचगीताने होतो.

उल्लेखनीय लेख

१८३५ मध्ये शुमान यांनी बेर्लियोझ यांच्या सिम्फनी फाँतास्तिक या वादग्रस्त कृतीवर प्रदीर्घ लेखमाला लिहिली. संपूर्ण वाद्यवृंदाची स्वरलिपी त्यांच्यापाशी नव्हती. लिस्ट यांनी केलेल्या पियानो-रूपांतरावरून त्यांनी कृतीच्या रचनेचे बारकाईने विश्लेषण केले. १८३७ मध्ये मायरबेअर यांच्या ले ह्यूगेनो या लोकप्रिय ऑपेरावर त्यांनी कडक टीका केली. मात्र स्वतःच्या रचनांचे परीक्षण आपल्या पत्रात छापणे ते बहुतांशी टाळत. परिणामी दहा वर्षे एका संगीतपत्राचे मालक असूनही त्यांच्या पियानोरचना दीर्घकाळ थोड्याच लोकांना ठाऊक होत्या.

१८३८ च्या शरद ऋतूत नियतकालिकाचे ठाणे व्हिएन्नाला हलवण्याच्या हेतूने शुमान तेथे गेले. त्या शहरात प्रकाशनपूर्व तपासणीचा कडक अंमल होता आणि स्थानिक प्रकाशकांचे सहकार्यही मिळाले नाही. काही महिन्यांनी हा बेत सोडून ते परतले. पण याच मुक्कामात दिवंगत फ्रांत्स शुबर्ट यांचे बंधू फेर्डिनांड यांच्या घरी त्यांना शुबर्टच्या सी मेजर सिम्फनीचे हस्तलिखित पाहायला मिळाले. त्यांच्या प्रयत्नांनी ते लाइपझिगला पोहोचले आणि २१ मार्च १८३९ रोजी मेंडेल्सझोन यांनी ही सिम्फनी सादर केली. पुढील वर्षी शुमान यांनी तिच्यावर लिहिलेला लेख शुबर्टच्या पुनर्मूल्यांकनातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

विवाह व संपादनातून निवृत्ती

क्लारा वीक आणि शुमान यांच्या विवाहाला फ्रीडरिश वीक यांचा तीव्र विरोध होता आणि तो वाद न्यायालयात गेला. वीक यांच्या आक्षेपांत शुमान यांच्या तुटपुंज्या व अनिश्चित उत्पन्नाचा मुद्दाही होता. या काळात, फेब्रुवारी १८४० मध्ये, येना विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. न्यायालयाचा निर्णय अनुकूल लागल्यावर १२ सप्टेंबर १८४० रोजी, क्लारा यांच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विवाह झाला. त्या एका वर्षात शुमान यांनी शंभराहून अधिक गीते रचली.

मुद्रिते तपासणे, वार्ताहरांशी पत्रव्यवहार आणि आठवड्यातून दोन अंकांची जुळवाजुळव या कामांत रचनेसाठी हवा असलेला वेळ जात असल्याची त्यांची तक्रार असे. १८४१ मध्ये पहिली सिम्फनी आणि १८४२ मध्ये कक्षसंगीतातील महत्त्वाच्या कृती लिहून झाल्यावर ही ओढाताण वाढली. १८४३ पासून ते मेंडेल्सझोन यांनी स्थापन केलेल्या लाइपझिगच्या संगीत विद्यालयात काही काळ शिकवत होते. १८४४ मध्ये रशियाच्या दौऱ्याहून परतल्यावर त्यांनी संपादन सोडले. प्रकृती ढासळल्याने त्या वर्षाच्या अखेरीस ते ड्रेस्डेनला राहायला गेले आणि १८४५ पासून फ्रांत्स ब्रेंडेल हे नियतकालिकाचे संपादक झाले.

मुलांसाठी रचना

शुमान यांची १८३८ मधील किंडरझेनेन ही रचनामाला बालपणाविषयी असली, तरी ती प्रौढ मनाच्या आठवणींतून आलेली आहे. याउलट १८४८ मधील ‘आल्बम फ्यूर डी युगेंड’ (बालकांसाठी संग्रह) प्रत्यक्ष शिकणाऱ्या मुलांसाठी होता. थोरली कन्या मारी हिच्या सातव्या वाढदिवसाच्या भेटीतून त्याचा आरंभ झाला. एकूण ४३ तुकड्यांपैकी पहिले १८ लहान मुलांसाठी आणि उरलेले मोठ्या मुलांसाठी, अशी त्याची विभागणी आहे. मुखपृष्ठ लोकप्रिय चित्रकार लुडविग रिश्टर यांनी काढले. संग्रहाचा मोठा खप झाला. संगीत शिकणाऱ्यांसाठी शुमान यांनी छोट्या सूत्रांच्या रूपात नियमही लिहिले. ते १८५० मध्ये त्यांच्याच जुन्या नियतकालिकाची पुरवणी म्हणून आले आणि नंतर संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीला जोडले गेले. कानाची तयारी, तालाचे भान, समूहगायन आणि श्रेष्ठ कृतींचा अभ्यास यांवर त्यांत भर आहे.

अखेरची वर्षे

१८५० मध्ये शुमान ड्यूसेलडोर्फ येथे संगीतदिग्दर्शक झाले; परंतु वाद्यवृंद व गायकवृंद यांच्याशी त्यांचे फारसे जमले नाही. ३० सप्टेंबर १८५३ रोजी वीस वर्षांचे योहानेस ब्राम्स त्यांच्या घरी आले. त्यांच्या रचनांनी प्रभावित होऊन शुमान यांनी अनेक वर्षांनी आपल्या जुन्या नियतकालिकात लेख लिहिला आणि या अपरिचित तरुणाची जगाला ओळख करून दिली. १८५४ मध्ये त्यांचे निवडक समीक्षालेखन चार खंडांत प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी त्यांचा मानसिक आजार बळावला. २७ फेब्रुवारी १८५४ रोजी त्यांनी ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्यांना वाचवण्यात आले. त्यानंतर स्वेच्छेने ते एंडेनिख येथील खासगी मनोरुग्णालयात दाखल झाले आणि तेथेच वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बॉनच्या जुन्या स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

क्लारा शुमान यांनी ब्राम्स यांच्या साहाय्याने पतीच्या समग्र संगीतकृतींचे संपादन केले. ती आवृत्ती ब्राइटकोप्फ उंट हेर्टेल यांनीच प्रसिद्ध केली. नियतकालिक ब्रेंडेल यांच्या हाती गेल्यावर लिस्ट व वाग्नर यांच्या पक्षाचे मुखपत्र बनले. १८५० मध्ये त्यात वाग्नर यांचा ज्यू संगीतकारांविरुद्धचा कुप्रसिद्ध लेख टोपणनावाने आला. शुमान यांनी ज्यांचा सातत्याने गौरव केला, ते मेंडेल्सझोन त्याचे एक लक्ष्य होते. संपादक बदलला की तेच नाव आणि तीच पाने किती वेगळ्या कामी येतात, याचे हे उदाहरण आहे. नियतकालिक पुढे विसाव्या शतकातही निघत राहिले. शोपँ, बेर्लियोझ, शुबर्ट आणि ब्राम्स यांच्यावरील शुमान यांचे लेख आजही संगीताच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी नेमले जातात.