रामानुजन यांच्या वह्या

कावेरीच्या तीरी वसलेले कुंभकोणम हे दक्षिणेतील देवळांचे एक प्राचीन नगर आहे. या नगरातील एका कापडाच्या दुकानात श्रीनिवास अय्यंगार नावाचे गृहस्थ कारकुनी करीत असत. त्यांची पत्नी देवळात भजने गात असे. या गरीब दांपत्याच्या पोटी, इरोड येथे आजोळी, २२ डिसेंबर १८८७ रोजी एक मुलगा जन्मास आला. पुढे साऱ्या जगाने थोर गणिती म्हणून ज्यांचा गौरव केला, ते श्रीनिवास रामानुजन हेच होत.

लहानपणी परीक्षा ही रामानुजन यांची वैरीण नव्हती. १८९७ साली प्राथमिक परीक्षेत ते तंजावर जिल्ह्यात पहिले आले. १९०४ साली त्यांनी शाळा सोडली, तेव्हा गणितातील नैपुण्याबद्दल त्यांना खास पारितोषिक मिळाले आणि कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजाची शिष्यवृत्तीही मिळाली. परंतु त्याच्या आदल्या वर्षी कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचे एक पुस्तक त्यांच्या हाती पडले होते. त्या पुस्तकात गणिताचे सुमारे पाच हजार सिद्धांत एकापाठोपाठ एक दिलेले होते. त्यांच्या सिद्धता मात्र फारच थोड्या होत्या. त्या सिद्धता आपण स्वतः शोधून काढाव्यात, असा ध्यास या सोळा वर्षांच्या मुलाने घेतला. जुने सिद्धांत सोडविता सोडविता त्यांना नवे सिद्धांत सुचू लागले. कागद महाग असल्यामुळे ते पाटीवर आकडेमोड करीत, कोपराने ती पुसून टाकीत आणि हाती आलेले उत्तर तेवढे वहीत टिपून ठेवीत.

या ध्यासापुढे त्यांना बाकीचे विषय दिसेनासे झाले. इंग्रजीत ते नापास झाले व त्यांची शिष्यवृत्ती बंद पडली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात त्यांनी पुन्हा नाव घातले. तेथेही १९०६ आणि १९०७ अशी लागोपाठ दोन वर्षे ते एफ. ए. च्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. त्या काळी ही परीक्षा उतरल्यावाचून पदवीची वाट मोकळी होत नसे. यात परीक्षेने त्यांच्यावर अन्याय केला, असे म्हणता येणार नाही. सर्व विषयांत उत्तीर्ण होण्याचा नियम सर्वांना सारखाच होता, आणि रामानुजन यांनी इतर विषयांचा अभ्यास केला नव्हता, हे खरेच होते. परंतु त्या वहीत काय भरले आहे, हे गुणपत्रिकेला ठाऊक नव्हते, हेही तितकेच खरे होते.

१९०९ साली त्यांचा विवाह झाला आणि उपजीविकेचा प्रश्न समोर उभा राहिला. पदवी नाही, ओळखपाळख नाही. मग जवळ होत्या त्या वह्या काखेत मारून ते नोकरीच्या शोधात निघाले. १९१० साली ते डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. महसूल खात्यात लहानशी कारकुनी मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. रामस्वामी स्वतः गणिताचे जाणकार असून भारतीय गणित परिषदेचे संस्थापक होते. त्यांनी वह्या चाळल्या आणि ते थक्क झाले. असा मनुष्य खात्याच्या अगदी खालच्या पायरीवर बसवून त्याची बुद्धी कोमेजून टाकणे त्यांना योग्य वाटले नाही. म्हणून त्यांनी रामानुजन यांना मद्रासच्या गणितज्ञांकडे शिफारसपत्रे देऊन पाठविले.

त्यांपैकी नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांना प्रथम विश्वास वाटला नाही. पण त्यांनी रामानुजन यांना हाकलून दिले नाही. ते त्यांना पुनःपुन्हा भेटले, त्यांच्याशी बोलले आणि त्यांचे सिद्धांत समजून घेऊ लागले. हळूहळू त्यांचा संशय फिटला व त्यांनी दरमहा पंचवीस रुपये देण्याचे मान्य केले. रामानुजन मात्र मानी होते. कष्टावाचून मिळालेल्या पैशावर फार दिवस जगणे त्यांना रुचेना.

फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत अर्ज केला. आपण मॅट्रिक झालो असून एफ. ए. पर्यंत शिकलो, पण अडचणींमुळे शिक्षण पुरे करता आले नाही, असे त्यांनी त्यात नमूद केले. पदवीच्या जागी त्यांनी गणिताच्या एका प्राध्यापकाचे शिफारसपत्र जोडले. १ मार्च १९१२ पासून दरमहा तीस रुपयांवर ते हिशेबखात्यात कारकून झाले. या कचेरीतील वरिष्ठ अधिकारी नारायण अय्यर हे स्वतः गणिती होते. त्यांनी व पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी आपल्या या कारकुनाची योग्यता ओळखली आणि त्याला सर्वतोपरी प्रोत्साहन दिले.

त्यांच्या उत्तेजनाने रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांना पत्र धाडले. आपण वीस पौंड वार्षिक पगाराचे कारकून आहोत आणि आपले विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. सोबत आपण शोधलेले कितीतरी सिद्धांत लिहून पाठविले. अनोळखी कारकुनाचे असे पत्र केराच्या टोपलीत टाकणे सोपे होते. परंतु हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी ते सिद्धांत बारकाईने तपासले आणि हा पुरुष असामान्य आहे, असा निर्वाळा दिला. मग मद्रास विद्यापीठानेही पदवीचा आग्रह बाजूस ठेवून त्यांना दरमहा पंचाहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती दिली. मार्च १९१४ मध्ये रामानुजन इंग्लंडला निघाले.

केंब्रिज हे तर परीक्षांचे माहेरघर! तेथील गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिल्या क्रमांकाचा मान मिळवून महाराष्ट्राचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले होते. परीक्षेने त्यांच्या बुद्धीला दिलेला कौल खरा ठरला; पुढे फर्ग्युसन कॉलेजाचे प्राचार्य म्हणून त्यांनी अनेक विद्यार्थी घडविले. त्याच केंब्रिजने १९१६ साली रामानुजन यांना बी. ए. ची पदवी दिली, ती मात्र परीक्षेवरून नव्हे, तर त्यांच्या संशोधनावरून. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद आणि ट्रिनिटी कॉलेजाचे फेलो झाले.

तथापि पद्धतशीर शिक्षण न मिळाल्याची उणीव त्यांना जाणवल्यावाचून राहिली नाही. इतरांनी आधीच शोधलेल्या कित्येक गोष्टी त्यांनी अज्ञानामुळे पुन्हा शोधल्या होत्या, आणि मूळ संख्यांविषयीचे त्यांचे काही सिद्धांत चुकीचे निघाले. सिद्धता कसोशीने कशी मांडावी, हे त्यांना हार्डींच्या सहवासात शिकावे लागले. थंड हवा, युद्धकाळातील अन्नाची टंचाई आणि आजारपण यांनी त्यांचे शरीर खंगले. १९१९ साली ते मायदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रास येथे त्यांनी देह ठेवला. मृत्युशय्येवरही त्यांचे गणित थांबले नव्हते.

त्यांच्या वह्यांतील सिद्धांतांच्या सिद्धता शोधण्यात पुढे जगातील अनेक गणितज्ञांनी आपले आयुष्य वेचले. भारतात त्यांचा जन्मदिवस २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. गुणपत्रिका जे सांगते ते खोटे नसते, पण ती सारेच सांगत नाही. रामस्वामी, रामचंद्र राव, नारायण अय्यर आणि हार्डी या सर्वांनी गुणपत्रिकेपाशी न थांबता वही उघडून पाहिली, म्हणूनच एका नापास विद्यार्थ्याची विद्या जगाच्या कामी आली.